गोळी कोणावर तपासली होती?

प्लीहा काढून टाकली तरी माणूस जगू शकतो, अशा अर्थाचे एक वाक्य शरीरविज्ञानाच्या बऱ्याच सोप्या पुस्तकांत सापडते. वाक्य खोटे नाही. पण ते जिथे संपते तिथून पुढची गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. आणि वैद्यकाच्या पुस्तकांत ती ज्या खात्रीने सांगितली जाते, ती खात्रीही तपासून पाहण्यासारखी आहे. प्लीहा नसलेल्या माणसाला काही विशिष्ट जिवाणूंपासून जन्मभर धोका असतो, म्हणून त्याने रोज पेनिसिलिनची गोळी घ्यावी, असा सल्ला अनेक वर्षे दिला जात आहे. या सल्ल्याच्या मुळाशी कोणता पुरावा आहे, तो कोणाच्या शरीरावर मिळवला होता आणि आता तो कोणाला लावला जात आहे, हे आम्हाला येथे पाहायचे आहे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. लहान मुलांच्या बाबतीत हा सल्ला भक्कम पायावर उभा आहे. धडधाकट प्रौढांच्या बाबतीत मात्र तो उसन्या पुराव्यावर उभा आहे, आणि उसनवारीची नोंद ठेवायला बरेच जण विसरले आहेत.

आधी त्या अवयवाविषयी थोडे. प्लीहा, म्हणजे जुन्या मराठीतली पाणथरी, पोटात डाव्या बाजूला बरगड्यांच्या आड असते. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाच टक्के रक्त तिच्यातून जाते. म्हाताऱ्या तांबड्या पेशी ती मोडीत काढते, एवढेच आपण शिकवतो. तिचे दुसरे काम जास्त मोलाचे आहे. रक्त तिच्या जाळीतून फार सावकाश झिरपते, आणि त्या संथ प्रवाहात भक्षक पेशी रक्तातले जिवाणू टिपून घेतात.

न्यूमोकॉकस या जिवाणूला साखरेच्या लांब साखळ्यांचे बुळबुळीत कवच असते. भक्षक पेशींना तो हाताला लागत नाही. त्याच्यावर प्रतिपिंडे चिकटली की पकडायला मूठ मिळते. भरपूर मुठी असल्या तर यकृतही त्याला पकडू शकते. पण संसर्गाच्या पहिल्या काही तासांत, त्या जिवाणूची शरीराला आधी ओळख नसताना, मुठी थोड्याच असतात. अशा अर्धवट खुणा केलेल्या जिवाणूंना पकडणे प्लीहेलाच नीट जमते. शिवाय कवचाच्या साखरेविरुद्ध घाईने प्रतिपिंडे बनवणाऱ्या खास पेशींचा मोठा साठाही तिथेच असतो. प्लीहा गेली की ही दोन्ही कामे लंगडी पडतात.

याचा परिणाम किती वेगाने होतो, हे गणिताच्या तासाला दाखवता येईल. अनुकूल परिस्थितीत हा जिवाणू साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो. बारा तासांत चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक. शरीरात इतकी मोकळीक कधीच नसते हे खरे, पण सकाळी अंगात कसकस आणि संध्याकाळी रक्तदाब घसरून बेशुद्धी, असे या आजाराचे जे वर्णन डॉक्टर करतात ते या आकड्यावरून समजते. जुन्या नोंदींमध्ये असा जंतुसंसर्ग झालेल्यांपैकी निम्मे किंवा त्याहूनही अधिक रुग्ण दगावलेले दिसतात.

हे कळायला वेळ लागला. प्लीहा काढलेले उंदीर संसर्गाला लवकर बळी पडतात असे मॉरिस आणि बुलक यांनी १९१९ सालीच लिहिले होते. शल्यचिकित्सकांनी ते फारसे मनावर घेतले नाही. अपघातात प्लीहा फुटली तर ती काढायची, रोगी बरा होऊन घरी जायचा, मग उंदरांचे कोण ऐकणार? १९५२ साली अमेरिकेत किंग आणि शूमेकर यांनी पाच तान्ह्या बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. रक्ताच्या जन्मजात आजारासाठी त्यांची प्लीहा काढली होती आणि पुढे त्यांना गंभीर जंतुसंसर्ग झाला. तेव्हाही आक्षेप आला की बाळे मुळातच आजारी होती, दोष प्लीहेच्या अभावाला कसा द्यायचा? आक्षेप रास्त होता. पाच रुग्ण आणि तुलनेला कोणी नाही, यावरून ठाम काही म्हणता येत नाही.

१९७३ साली सिंगर यांनी निरनिराळ्या नोंदी एकत्र करून २,७९६ रुग्णांचा तक्ता मांडला. त्यांपैकी ११९ जणांना रक्तात जिवाणू पसरण्याचा आजार झाला होता आणि ७१ दगावले होते. या विषयावरच्या लेखांत हे आकडे अजूनही फिरत असतात. पण त्या तक्त्याचे खरे मोल बेरजेत नाही, रकान्यांत आहे. अपघातामुळे प्लीहा गमावलेल्यांत आजाराचे प्रमाण दीड टक्क्याच्या आतबाहेर होते, तर थॅलसेमियाच्या रुग्णांत जवळजवळ पंचवीस टक्के. 'प्लीहा नसलेला माणूस' असा एकच गट नाही, हे यावरून उघड होते. वय, मूळ आजार आणि शस्त्रक्रियेला झालेली वर्षे यांप्रमाणे धोका कितीतरी पटींनी बदलतो. दुसरीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हे टक्के किती वर्षांतले, याचे एकच उत्तर नाही. कोणाचा पाठपुरावा काही महिन्यांचा, कोणाचा अनेक वर्षांचा. काळ न सांगता दिलेले टक्के म्हणजे वेळ न सांगता दिलेले अंतर. त्यावरून वेग काढता येत नाही.

आता गोळीकडे वळू. १९८६ साली अमेरिकेत गॅस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. ती वैद्यकातल्या देखण्या चाचण्यांपैकी एक आहे असे आम्हाला वाटते. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, प्लीहेच्या बारीक वाटांत अडकतात आणि त्यामुळे लहानपणीच प्लीहा आतून निकामी होत जाते. शस्त्रक्रिया न होताही ही मुले प्लीहाहीन होतात. तीन वर्षांखालील अशा २१५ मुलांना यदृच्छेने दोन गटांत वाटले. १०५ मुलांना रोज दोनदा पेनिसिलिन, ११० मुलांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते ते पालकांनाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. सरासरी पंधरा महिन्यांच्या पाठपुराव्यात लटक्या गोळीच्या गटातल्या १३ मुलांना न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग झाला, त्यांतली तीन दगावली. पेनिसिलिनच्या गटात संसर्ग दोघांना, मृत्यू एकही नाही. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आठ महिने आधी थांबवली गेली. दुसऱ्या गटाला औषधापासून वंचित ठेवणे योग्य राहिले नव्हते. नवजात बाळांची सिकलसेलसाठी तपासणी करावी, हा आग्रह पुढे जोर धरू शकला तो मुख्यतः या निकालामुळे, कारण आता निदानानंतर करण्यासारखे काही हाती होते.

इथवर आमची काही तक्रार नाही. तक्रार पुढच्या पायरीविषयी आहे. संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला, हे वाक्य त्या चाचणीतून बाहेर पडले आणि एकटेच प्रवासाला निघाले. कोणाच्या बाबतीत, कोणत्या वयात, कोणत्या लसीच्या काळात, हे सगळे मागे राहिले. ज्याची प्लीहा तिशीत मोटारसायकलच्या अपघातात गेली, जो एरवी निरोगी आहे, ज्याच्या शरीराने तीस वर्षांत कितीतरी जिवाणूंची ओळख करून घेतली आहे, त्यालाही हेच वाक्य सांगितले जाऊ लागले. अशा प्रौढांवर झालेली, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली पुरेशी मोठी चाचणी नाही.

यावर कोणी म्हणेल की प्लीहा नसण्याचे परिणाम सारखेच, मग औषध का चालू नये? औषध चालेलही. प्रश्न किती उपयोगी पडेल हा आहे. गॅस्टन यांच्या लटक्या गोळीच्या गटात शंभरांपैकी सुमारे बारा मुलांना संसर्ग झाला, औषधाच्या गटात सुमारे दोघांना. म्हणजे दहा मुलांना सव्वा वर्ष गोळ्या दिल्या की एका मुलाचा गंभीर आजार टळला. औषधशास्त्रात इतका सरळ सौदा क्वचित पाहायला मिळतो. आता निरोगी प्रौढ घेऊ. त्याचा वार्षिक धोका पाचशेत एक असा ढोबळ अंदाज पुष्कळ ठिकाणी वापरला जातो, तोच धरू. औषधाचा परिणाम मुलांइतकाच, ८४ टक्के, असेही उदारपणे मानू. तरी एक आजार टाळण्यासाठी सुमारे सहाशे माणसांनी वर्षभर रोज दोन गोळ्या घ्याव्या लागतील, म्हणजे साधारण चार लाख तीस हजार गोळ्या. टक्का तोच, ८४. पण दहा कुठे आणि सहाशे कुठे! 'टक्के' शिकवताना कशाचे टक्के हा प्रश्न मुलांना पुन्हा पुन्हा विचारायला लावावा, त्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

सहाशेत एक हा सौदा वाईटच आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. आजार निम्म्यांना मारणारा असेल तर कोणी तोही पत्करील. पण पत्करणाऱ्याला आकडा सांगायला हवा.

मग चाचणी का झाली नाही? आळसामुळे नव्हे. धोका पाचशेत एक, औषधाने तो निम्मा होतो असे सावधपणे मानले आणि पाच वर्षांचा पाठपुरावा ठरवला, तर नेहमीच्या संख्याशास्त्रीय कसोट्यांप्रमाणे प्रत्येक गटात साडेचार हजारांहून अधिक माणसे लागतात. एकूण नऊ हजारांवर प्लीहाहीन प्रौढ शोधायचे, त्यांना पाच वर्षे धरून ठेवायचे, त्यांतल्या निम्म्यांना लटकी गोळी द्यायची. पेटंट केव्हाच संपलेल्या स्वस्त पेनिसिलिनसाठी इतका खर्च कोणती कंपनी करणार? दुर्मिळ आजाराविषयीचे अज्ञान हे पुष्कळदा असे हिशेबी अज्ञान असते.

गोळी कधी थांबवावी, याविषयी मात्र एक चाचणी झाली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत पाच वर्षांच्या आसपासची ४०० सिकलसेलग्रस्त मुले होती. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांना लटकी दिली. संसर्ग झाले एकूण सहा: चालू ठेवलेल्यांत दोन, थांबवलेल्यांत चार. एवढ्याशा आकड्यांतून फरक सिद्ध होत नाही, म्हणून बहुतेक मुलांची गोळी पाचव्या वर्षी थांबवता येईल असा निष्कर्ष निघाला. फरक सिद्ध न होणे आणि फरक नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे इथे वाचकाने स्वतःला बजावायला हवे. आणखी एक बारकावा आहे. ज्यांना आधी न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग झाला होता किंवा ज्यांची प्लीहा शस्त्रक्रियेने काढली होती, अशी मुले या चाचणीतून वगळली होती. म्हणजे शस्त्रक्रियेने प्लीहा गमावलेल्या मुलाची गोळी या चाचणीचा हवाला देऊन कोणी थांबवत असेल, तर तोही उसनवारीच करतो आहे. चूक दोन्ही दिशांनी होऊ शकते.

ब्रिटनमधील रक्तविज्ञानाच्या समितीने १९९६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आजन्म प्रतिजैविक सर्वांनाच देऊ करावे असे म्हटले होते, आणि पहिली दोन वर्षे व सोळा वर्षांखालील वय यांवर विशेष भर होता. २०११ सालच्या सुधारित सूचनांत सूर बदलला. आजन्म गोळी अधिक धोका असलेल्यांना: सोळाखालील, पन्नाशीपुढचे, लसीला नीट प्रतिसाद न देणारे, आधी असा संसर्ग होऊन गेलेले, रक्ताच्या कर्करोगासाठी प्लीहा काढलेले. उरलेल्यांशी फायद्यातोट्याची चर्चा करावी आणि त्यांना निवड करू द्यावी. ऑस्ट्रेलियात प्रौढांना शस्त्रक्रियेनंतर निदान तीन वर्षे गोळी सांगतात. दोन वर्षे, तीन वर्षे, पाचवा वाढदिवस, सोळावा वाढदिवस: हे आकडे वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे आहेत, कारण ते मोजमापातून आलेले नाहीत. ते समंजस माणसांनी बसून ठरवलेले आहेत. त्यात गैर काही नाही. निर्णय तर घ्यावाच लागतो. गैर हे की सूचना रुग्णापर्यंत पोहोचेपर्यंत 'आम्हाला असे वाटते' याचे 'असे सिद्ध झाले आहे' होऊन जाते.

आता एवढे काटेकोर असायची गरज काय, असे विचारले जाईल. स्वस्त गोळी आहे, घेईना का बापडा! गरज अशी की गोळी बाकीच्या गोष्टी मागे ढकलते. रोज गोळी घेणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटते. वर्षानुवर्षे रोज दोनदा गोळी घेणे माणसाला जमत नाही, हे लघवीत औषध शोधणाऱ्या अभ्यासांतून दिसलेले आहे. शिवाय जिवाणूही स्वस्थ बसलेला नाही. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या न्यूमोकॉकसची नोंद १९६७ साली झाली, आणि १९७७ साली दक्षिण आफ्रिकेत त्याने रुग्णालयांना चांगलाच हिसका दाखवला. कुत्रा चावल्यावर शिरणारा कॅप्नोसायटोफागा, मेंदूज्वराचे काही जिवाणू, आपल्याकडचा हिवताप, यांपैकी सगळ्यांना ही गोळी अडवत नाही. हिवतापाला तर मुळीच नाही.

ज्या गोष्टींवर आमचा अधिक भरवसा आहे त्या कमी बोलल्या जातात. पहिली, शक्य असेल तर प्लीहा काढूच नये. मुलांच्या फुटलेल्या प्लीहेवर शस्त्रक्रिया न करता, देखरेख ठेवून ती भरून येऊ देता येते, हे टोरांटोहून उपाध्याय आणि सिम्प्सन यांनी १९६८ साली मांडले. आज जगभर तीच रीत आहे. दुसरी, लस. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेत ती निदान दोन आठवडे आधी द्यायची, म्हणजे प्लीहा असतानाच शरीर प्रतिपिंडे बनवते. २००० सालापासून अमेरिकेत लहान मुलांना न्यूमोकॉकसची नवी संयुग्म लस मिळू लागली आणि सिकलसेलग्रस्त मुलांतले हे आजार फार मोठ्या प्रमाणात घटले. म्हणजे १९८६ च्या चाचणीतला शंभरात बारा हा धोका आज तिथेही तसा राहिलेला नाही. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ साली देशभर पोहोचली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली लसही २०२० पासून उपलब्ध आहे. तिसरी गोष्ट सगळ्यांत साधी: ताप आला की घरी ठेवलेल्या प्रतिजैविकाचा पहिला डोस घेऊन तडक रुग्णालय गाठायचे, आणि 'मला प्लीहा नाही' हे पहिल्याच वाक्यात सांगायचे. ऑस्ट्रेलियात प्लीहाहीन व्यक्तींची नोंदवही ठेवून लस, कार्ड आणि आठवणपत्रे पाठवण्याचा उपक्रम २००३ पासून चालू आहे. नोंदणी झालेल्यांत कवचधारी जिवाणूंचे आजार सुमारे दोन तृतीयांशांनी कमी दिसले, असे त्यांच्या २०१८ च्या अहवालात आहे. हीसुद्धा चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे. त्यातला कोणता भाग कामी आला हेही वेगळे काढता येत नाही. तोच नियम इथेही लावायला हवा.

थॅलसेमियासाठी प्लीहा काढलेले एखादे मूल आपल्याही वर्गात असू शकते. मधल्या सुट्टीत त्याला ताप भरला तर पॅरासिटामोल देऊन शाळा सुटेपर्यंत बाकावर झोपवणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. पालकांना ताबडतोब बोलवावे, आणि ते येईपर्यंत थांबण्यापेक्षा रुग्णालयात भेटायला सांगावे. ज्या मुलाची किंवा मोठ्याची गोळी चालू आहे, त्याने हा लेख वाचून ती बंद करू नये. तो निर्णय त्याच्या डॉक्टरांसमोर बसून आकडे मांडून व्हायचा आहे.

उसनवारीचा आणखी एक हिशेब आपल्या दाराशी आहे. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल पुष्कळ आहे. तिथल्या मुलांनाही अमेरिकेतल्या त्या २१५ मुलांचाच पुरावा लावला जातो. पण १९८६ सालीच, योगायोगाने, तेव्हाच्या ओरिसातल्या रुग्णांची जमैकातल्या रुग्णांशी तुलना करणारा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला होता. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अधिक टिकून राहते आणि वाढलेली प्लीहा मोठ्या वयापर्यंत हाताला लागते, असे त्यात दिसले. प्लीहा हाताला लागणे म्हणजे ती काम करते असे नव्हे. तरीही आपल्या मुलांची प्लीहा नेमकी कोणत्या वयात निकामी होते, आणि म्हणून गोळी केव्हा सुरू करून केव्हा थांबवायची, हे जॉर्जिया किंवा जमैकावरून ठरवता येणार नाही. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायचे उद्दिष्ट आहे. सापडलेल्या मुलांच्या रक्ताची काचपट्टी दरवर्षी एकदा पाहिली तरी ढोबळ उत्तर मिळू लागेल. काम करणारी प्लीहा तांबड्या पेशींत उरलेले केंद्रकाचे कण वेचून काढते. ती थांबली की ते कण पेशींत गडद ठिपक्यांसारखे दिसू लागतात. त्यांना हॉवेल-जॉली कण म्हणतात. बारीक बिघाड या ठिपक्यांवरून कळत नाही, पण ते पाहायला रक्ताचा एक थेंब, लीशमनचा रंग आणि तालुक्याच्या रुग्णालयात असतो तसला सूक्ष्मदर्शक पुरतो.